वारीत डांबरी रस्त्यावर गुडघे सांभाळायचे कसे: तयारीपासून पंढरपूरपर्यंत

दिवे घाट चढून सासवडच्या तळावर पोचलो की संध्याकाळी राहुटीत दरवर्षी तेच चित्र दिसते. कुणी गुडघ्याच्या वाटीवर जोर लावून बाम चोळतोय, कुणी शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी मागून घेतोय, कुणी मांडी घालून बसलाय आणि उठताना दोघांना हात द्यावा लागतोय. पंढरपूरपर्यंत अजून सुमारे दोन आठवडे चालायचे असते, आणि पहिल्या तीन दिवसांत केलेल्या याच चुकांमुळे वाल्हे-लोणंदपर्यंत माणूस ट्रकमध्ये बसतो.

रस्ता टणक असतो आणि तो आपण मऊ करू शकत नाही. शेतातल्या वाटेवर प्रत्येक पाऊल थोडे वेगळे पडते. डांबर किंवा काँक्रीटवर मात्र एकच पाऊल पुन्हा पुन्हा पडते. २० किलोमीटरच्या मजलेत साधारण ३० हजार पावले होतात, आणि गुडघ्याच्या त्याच जागेवर तोच भार तितक्या वेळा येतो. म्हणून खाली सांगितलेले बहुतेक उपाय दोनच गोष्टी करतात: प्रत्येक पावलाचा भार कमी करणे आणि तो भार एकाच जागी पडू न देणे. क्रम आळंदीहून निघणाऱ्या वाटेचा धरला आहे. देहूहून जाणाऱ्यांनाही तो तसाच लागू पडतो.

१. निघण्याआधीचे अकरा आठवडे

पालखीचे आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होते. गुढीपाडव्याला चालायला सुरुवात केली तर जवळजवळ अकरा आठवडे हाताशी राहतात. बरेच जण शेवटच्या पंधरवड्यात जागे होतात आणि रोज दहा-दहा किलोमीटर चालून गुडघा आधीच सुजवून घेतात.

पहिल्या आठवड्यात दिवसाआड ३ किलोमीटर पुरे. दर आठवड्याला थोडे थोडे वाढवा, आणि दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करा. मैदानातल्या मातीवर केलेला सराव वारीत फारसा उपयोगी पडत नाही. शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत निम्मे चालणे तरी डांबरावर हवे. उन्हाळा असतो, तेव्हा पहाटेच बाहेर पडा.

सरावातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते, ती म्हणजे लागोपाठ दोन दिवस लांब चालणे. एका दिवसात १८ किलोमीटर चालणारे पुष्कळ भेटतात, पण वारीत दुसऱ्या दिवशीही उठून निघायचे असते. शेवटच्या महिन्यात निदान दोनदा शनिवार-रविवार असे जोडून चाला. रविवारी सकाळी जिना उतरताना गुडघा काय सांगतो ते नीट ऐका.

चालण्याने मांडीचा पुढचा स्नायू फारसा बळकट होत नाही, त्यासाठी वेगळा व्यायाम लागतो. आठवड्यातून तीन दिवस हे करा:

- पाठीवर झोपून एक पाय दुमडा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला, ५ अंक मोजून खाली आणा. प्रत्येक पायाने १० ते १२ वेळा.
- कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर उचला. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर असला की चालताना गुडघा आत वळतो, आणि वाटीच्या दुखण्याची सुरुवात बहुधा तिथून होते.
- कमी उंचीच्या पायरीवर उभे राहून एक पाय हळूहळू खाली टेकवा, ३ अंक मोजत. आरशात बघा. वरच्या पायाचा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे.
- भिंतीला हात लावून टाचा उचला. पोटरी थकली की तिचे काम गुडघ्याकडे येते.

सावध: गुडघा सुजलेला असेल, अडकत असेल, मधेच सुटल्यासारखा होत असेल किंवा त्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर हे सुरू करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वारीत दुखल्यास कोणती गोळी चालेल हेही त्याच भेटीत विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. तळावर रात्री हे विचारायला कुणी नसते.

तपासा: प्रस्थानाच्या दहा दिवस आधी १५ किलोमीटर डांबरावर चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीसारखा असेल तर तयारी झाली. नसेल तर पूर्ण वारीचा हट्ट न धरता कोणते टप्पे चालायचे ते आत्ताच ठरवा. दिंडीप्रमुखांनाही ते आधी सांगून ठेवा.

२. पायात काय घालायचे

चालण्याचे किंवा धावण्याचे बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या. दुपारनंतर पाय सुजतात, बोटे पुढे आपटतात, मग माणूस पाऊल वाकडे टाकतो आणि त्याची किंमत गुडघा मोजतो. ते बूट वारीआधी किमान ८०-१०० किलोमीटर चाललेले असावेत. जुनेही नकोत: तळव्याची एक कड झिजलेली असेल तर बूट टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कलतो का ते कळेल.

पट्टा नसलेली रबरी चप्पल तळावर वापरायला ठीक आहे. दिवसभर चालताना ती पायात टिकवण्यासाठी बोटे आवळावी लागतात, पाऊल घासत पडते आणि संध्याकाळी पोटरी व गुडघा दोन्ही ताठरतात. पावसासाठी मागे पट्टा असलेली सँडल जवळ ठेवा आणि सरावात तीही वापरून घ्या.

ज्यांचा अनवाणी चालण्याचा नेम आहे त्यांना मी तो मोडा असे म्हणणार नाही. पण तो नेम वारीच्या पहिल्या दिवशी सुरू करू नका. अनवाणी पायाने पाऊल आपोआप लहान पडते, हे गुडघ्याला चांगलेच, मात्र तळव्याला त्याची सवय व्हायला महिने लागतात. तळवा पोळला किंवा फोड आला की चाल बिघडते. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्याची संवेदना कमी झाली आहे त्यांनी अनवाणी चालू नये. जखम झालेली त्यांना कळतच नाही.

३. अंगावरचे ओझे

बोचके दिंडीच्या ट्रकमध्ये टाका. गुडघेदुखी असलेल्या स्थूल व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात शरीराचे वजन एक किलो कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो असे आढळले आहे. पाठीवरच्या ओझ्याचा हिशोब अगदी तोच नसेल, पण दिशा तीच. पाणी, टोपी, रेनकोट, औषधांची चिठ्ठी, एक रुमाल एवढेच जवळ हवे. एका खांद्याची शबनम दर तासाला खांदा बदलून घ्या.

४. पहाटेची पहिली वीस मिनिटे

जमिनीवर झोपून उठल्यावर गुडघा आखडलेला असतो. झटक्यात उठून ओळीत उभे राहू नका. अंथरुणातच टाच सरकवत गुडघा दहा वेळा वाकवा आणि सरळ करा, घोटे फिरवा. कुशीवर वळून हाताचा आधार घेऊन उठा. मग जागच्या जागी दोन मिनिटे हलकी पावले टाका. सकाळी जोरजोराने ताण देणारे व्यायाम नकोत, ते संध्याकाळसाठी.

नंतरची पंधरा मिनिटे सावकाश चाला. दिंडी पुढे गेली तरी चालेल, पुढच्या विसाव्याला ती गाठता येते.

५. चालताना: पाऊल, ओळ आणि उभे राहणे

पाऊल लहान टाका आणि थोडी घाई वाढवा. लांब टांग टाकली की टाच शरीराच्या बरीच पुढे पडते आणि तो धक्का सरळ गुडघ्यात जातो. पाऊल शरीराच्या जवळ, शक्य तितके खाली पडले पाहिजे. टाळाचा ठेका इथे फार कामाचा आहे. ठेक्याबरोबर पाऊल ठेवले की टांग आपोआप आखूड होते. ठेका सोडून भराभर पुढे जाणारेच दुपारी लंगडताना दिसतात.

आता रस्त्याच्या उताराकडे बघा. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. दुभाजक असलेल्या रुंद रस्त्यावर बहुधा अख्खी बाजूच एकीकडे कललेली असते. चारच्या ओळीत कडेला चालणाऱ्याचा एक पाय दिवसभर खाली पडतो, आणि एकाच गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागते. त्याला वाटते म्हातारपण आले. म्हणून दर विसाव्यानंतर ओळीतली जागा बदला: डाव्या कडेचा उजव्या कडेला, मधला कडेला. आमच्या दिंडीत हे ठरवून सुरू केले तेव्हा शिस्त मोडते म्हणून थोडी कुरकुर झाली. पुढच्या वर्षी ती कुणी केली नाही. रस्ता कुठे कललाय ते समजत नसेल तर पाऊस पडताना पाणी कुठे वाहते ते पाहा.

कडेची माती पक्की आणि सपाट असेल तर अधूनमधून दहा-पंधरा मिनिटे तिच्यावर चाला. खडी, चिखल किंवा खड्डे असतील तर डांबरच बरे. मुरगळलेला घोटा गुडघेदुखीपेक्षा लवकर घरी पाठवतो.

गर्दीत दिंडी थांबते, सरकते, पुन्हा थांबते. हे ताटकळणे चालण्यापेक्षा जास्त दुखवते. उभे असताना गुडघे मागे ढकलून कडक करू नका, किंचित सैल ठेवा. भार या पायावरून त्या पायावर घेत राहा. पावली खेळताना पाय हलके टेकतील तेवढेच खेळा. फुगडीत आणि उडीच्या खेळात गुडघ्याला पिळ बसतो. गुडघा आधीच कुरकुरत असेल तर रिंगणात कडेला उभे राहून टाळ वाजवा.

काठी वापरायला लाजू नका, पण ती उलट्या हातात हवी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे पडली पाहिजे. दुखऱ्या बाजूलाच काठी धरणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे. हात सैल सोडून उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत येईल इतकी मूठ उंच असावी. खाली रबरी बूच लावा, नाहीतर ओल्या काँक्रीटवर ती सटकते.

६. घाट आणि धावा

पुणे ते सासवड हा वाटेतला सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक, ३० किलोमीटरच्या आसपास, आणि बहुधा एकादशीचा. पोटात फराळाचे चार घास, आणि त्यावर दिवे घाट. सगळे घाटाला घाबरतात. खरे तर चढताना मांडी आणि दम जास्त लागतो, गुडघ्याच्या वाटीला उताराइतका त्रास नसतो. चढावर पाऊल आणखी लहान करा आणि थोडे पुढे झुका. घाटमाथ्यावर पोचल्याच्या आनंदात पुढच्या सपाट रस्त्यावर लोक वेग वाढवतात आणि थकलेल्या मांड्यांनी डांबरावर आपटत चालतात. तिथे वेग मुद्दाम धरून ठेवा.

उताराला गुडघे थोडे वाकलेले ठेवा, पाऊल आखूड टाका, काठी आधी टेकवा. पायऱ्या आल्या तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

सावध: वेळापूरच्या अलीकडे धावा होतो, उतारावरून सगळे पळत सुटतात. दोन आठवडे चाललेल्या गुडघ्याने उतारावर पळणे फार महागात पडू शकते. दुखत असेल तर आधीच कडेला या, म्हणजे मागच्यांचा धक्का लागणार नाही, आणि चालतच उतरा.

७. विसाव्याला कसे बसायचे

हा भाग दोनदा वाचा. माझ्या पाहण्यात जितके गुडघे चालून बिघडले, तितकेच बसून बिघडले.

पूर्ण वाकलेल्या गुडघ्यात वाटीवर सपाट चालण्याच्या कितीतरी पट दाब येतो. आणि वारीत आपण काय करतो? थांबलो की उकिडवे, पंगतीला मांडी, कीर्तनाला तासभर मांडी, शौचाला उकिडवे. चालून तापलेला गुडघा तासभर घट्ट दुमडून ठेवला की उठताना कळ येणारच.

ट्रकची फळी, ओटा, दगड, घडीचे छोटे स्टूल, जे मिळेल त्यावर उंच बसा. काही नसेल तर झाडाला टेकून पाय लांब करा. पंगतीत एक पाय पसरायचा असेल तर कडेची जागा धरा, वाढणाऱ्यांना आधी सांगा. कुणी वाईट मानत नाही. शौचालयात आधाराला काठी आत न्या, आणि उठताना गुडघ्यावर हात दाबण्याऐवजी काठीवर किंवा भिंतीवर भार द्या.

तासाभराने पाच-सात मिनिटे थांबणे चांगले. बूट काढा, पाय हलवत राहा. दुपारच्या मोठ्या विसाव्याला पाय बोचक्यावर उंच ठेवून पडा आणि निघण्याआधी पुन्हा दोन मिनिटे पावले टाका.

८. दुखू लागले तर

थांबा, आणि दुखते कुठे ते एका बोटाने दाखवा. पुढचे त्यावर ठरते.

वाटीभोवती किंवा वाटीच्या मागे दुखत असेल, उतारावर व उठताना जास्त: पाऊल लहान करा, दुमडून बसणे पूर्ण बंद, काठी घ्या. बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतरानंतर: रस्त्याची बाजू बदला, बुटाची झीज तपासा. आतल्या बाजूला, सांध्याच्या थोडे खाली: मांडीचा मागचा व आतला स्नायू आखडलेला असण्याची शक्यता जास्त, वेग कमी करा.

मग दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. तीनपर्यंत असेल आणि चाल सरळ असेल तर हळू चालत राहा. चार-पाच असेल तर पुढच्या विसाव्यापर्यंतच. त्याच्या वर गेले किंवा तुम्ही लंगडू लागलात, तर त्या दिवसाचे चालणे संपले. लंगडत रेटलेले पाच किलोमीटर दुसरा गुडघा आणि कंबरही घेऊन जातात.

सावध: पुढीलपैकी काहीही झाले तर वाटेतल्या आरोग्य पथकाकडे जा किंवा १०८ ला फोन करा. गुडघा काही तासांत फुगणे, तो अडकून सरळ न होणे, पायावर भार न घेता येणे, गुडघा लाल-गरम होऊन ताप येणे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तरी थांबा, आणि सोबत धाप किंवा छातीत दुखत असेल तर एक मिनिटही वाट पाहू नका.

९. तळावरची संध्याकाळ

क्रम असा: आधी पाणी पिणे, मग गार, मग ताण, मग जेवण. बर्फ नसतो, चालेल. गार पाण्यात पंचा भिजवून गुडघ्याभोवती १०-१५ मिनिटे गुंडाळा, मधे एकदा पुन्हा भिजवा. सुजलेल्या गुडघ्याला त्या दिवशी शेक नको.

नंतर मांडीची पुढची बाजू, मागची बाजू आणि पोटरी, प्रत्येकी ३० सेकंद, झटके न देता. मांडीसाठी टाच मागे ओढताना कळ आली तर तो ताण सोडून द्या.

मालिश मांडीला आणि पोटरीला, हलक्या हाताने. वाटीवर कुणालाही जोर लावू देऊ नका. वाटेत पाय चेपणारे सेवाभावी लोक भेटतात. त्यांना हात जोडून सांगा, "माऊली, गुडघा सोडून."

नी-कॅप चालताना घाला, तळावर आणि झोपताना काढा. एकावर एक दोन घालू नयेत. पावसात भिजलेली तशीच ठेवली तर कातडी सोलते. तपासा: घातल्यावर पोटरीला मुंग्या येत असतील किंवा बोटे गार पडत असतील तर ती घट्ट आहे.

गोळ्यांबाबत कडक राहा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या उपाशीपोटी, घामाने पाणी कमी झालेले असताना, पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना त्रास देतात. एकादशीला तर विशेष जपा. निरोगी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित, पण ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसात ६ पेक्षा जास्त नकोत, आणि यकृताचा आजार असेल तर डॉक्टरला विचारूनच. पाकिटाची मागची बाजू वाचा: दुखण्याच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा जाते. चालता यावे म्हणून सकाळीच गोळी घेणे सर्वांत वाईट. दुखणे थांबा म्हणते ते ऐकू येत नाही, आणि इजा वाढत राहते.

झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमधे घडी केलेली चादर.

१०. दुसऱ्या सकाळचा निर्णय

कालच्या दुखण्यापेक्षा आजची सकाळ जास्त खरे सांगते. उठून दहा मिनिटे चाला. कालची कळ गेली असेल तर पूर्ण टप्पा. थोडी उरली असेल तर दुपारच्या विसाव्यापर्यंत चाला, पुढे ट्रक. कालपेक्षा जास्त असेल किंवा सूज दिसत असेल तर आज ट्रक किंवा एसटी.

सासवडला साधारणपणे दोन रात्रींचा मुक्काम असतो. तो दिवस बाजार आणि देवळे फिरण्यात घालवू नका, गुडघ्याला द्या. लोणंद ते तरडगाव टप्पा लहान आहे. एक दिवस विश्रांती घेऊन पुन्हा चालणे सुरू करायला तो चांगला. एक टप्पा सोडलेला वारकरी वाखरीला पायी पोचतो. एकही न सोडण्याचा हट्ट धरलेला पुष्कळदा पोचत नाही.

११. पंढरपुरात आणि घरी

वाखरीपासूनचे अंतर कमी, पण गर्दीत तासन्‌तास सरकत जावे लागते. त्यानंतर दर्शनबारी, म्हणजे पुन्हा दगड-काँक्रीटवर उभे राहणे. गुडघा थकलेला असेल तर मुखदर्शन किंवा कळसाचे दर्शन घ्या, पदस्पर्शदर्शनाला गर्दी ओसरल्यावर या. परतीच्या एसटीत आतल्या मार्गिकेजवळची जागा धरा, पाय पसरत राहा, गाडी थांबेल तिथे उतरून चार पावले चाला.

घरी आल्यावर एकदम अंथरूण धरू नका. रोज अर्धा तास सपाटीवर सावकाश चाला, पायरीचा व्यायाम आठवड्याने पुन्हा सुरू करा. दोन आठवडे उलटूनही जिना उतरताना दुखत असेल किंवा सकाळी सूज दिसत असेल तर डॉक्टरकडे जा, आणि जाताना चालून झिजलेले बूट सोबत न्या. झिजलेला तळवा पाहून तुमचे पाऊल कसे पडते याचा त्यांना अंदाज येतो.